चित्र भिंतीवर, पुस्तक रद्दीत

चोरबाजारात जुन्या फ्रेमा विकणाऱ्या एका दुकानात दोन वर्षांपूर्वी मला एक चित्र दिसलं. वीतभर उंचीचं, काळ्या शाईतलं. वादळात सापडलेलं तारू, घाबरलेले शिष्य, आणि तारवाच्या मागच्या टोकाला उशीवर डोकं टेकून शांत झोपलेला येशू. खाली बाळबोध अक्षरांत एक ओळ : ‘प्रभू, आम्हास वाचीव, आम्ही बुडतो.’ सोनेरी चौकट होती, आत पांढरा जाड कागद लावून चित्र बसवलेलं होतं. डावी कड त्या कागदाआड नीट गेली नव्हती, त्यामुळे तिथे एका ओळीत चार बारीक भोकं दिसत होती. शिलाईची भोकं. हे चित्र कधीतरी पुस्तकात होतं.

दुकानदाराला विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. बाइंडिंग सुटलेलं पुस्तक हाती आलं होतं, त्यातून अकरा चित्रं निघाली, सात विकली गेली, चार उरली. ‘‘और बाकी किताब?’’ मी विचारलं. ‘‘लिखा हुआ कौन लेता है मॅडम? वो रद्दी में गया.’’

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो गिऱ्हाइकांचा, आणि त्या गिऱ्हाइकांत कधीकाळी मीही होते. पंचविसेक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका जुन्या प्रार्थनाग्रंथाचं सुटं पान मी हौसेने विकत घेतलं होतं आणि वसईच्या घरी दाखवायला घेऊन गेले होते. माझ्या वडिलांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्याच्या पुढचं पान कुठे आहे?’’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून सुटं पान घ्यायचं नाही, हा मी माझा नियम केला. जुने सचित्र भक्तिग्रंथ जमवणाऱ्या प्रत्येकाने हे बंद करावं, हे मला आज ठासून सांगायचं आहे. पान कितीही देखणं असो, कितीही स्वस्त मिळो, मूळ पुस्तक आधीच मोडलेलं असो. सुट्या पानाला भाव मिळतो म्हणूनच अख्खं पुस्तक मोडायला परवडतं.

हे ग्रंथ कसे वाचले जायचे ते पाहिलं की यात नेमकं काय तुटतं ते कळतं. जेरोम नादाल हा जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा जवळचा सहकारी. शुभवर्तमानांतल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, प्रसंगांवर चित्रं आणि चिंतन असा एक ग्रंथ त्याने सिद्ध केला. तो १५८० साली वारला, आणि ग्रंथ १५९३ साली अँटवर्पला छापून निघाला. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली १५३ चित्रं आहेत, त्यांतली बरीचशी वीरिक्स बंधूंनी कोरलेली. प्रत्येक चित्रात जागोजागी छोटी रोमन अक्षरं आहेत. ए म्हणजे दूरवरचं गाव, बी म्हणजे रस्त्यावरची गर्दी, सी म्हणजे झाडावर चढलेला माणूस. चित्राखाली याच अक्षरांची थोडक्यात ओळख आहे आणि त्याच्या जोडीला टिपण आणि चिंतन. भक्ताने अक्षराअक्षरावर थांबायचं, डोळे मिटायचे, त्या जागी आपण उभे आहोत असं मनात आणायचं, मग पुढच्या अक्षराकडे वळायचं. असं एक चित्र बघायला तास लागतो. तेच चित्र कापून दिवाणखान्यात टांगलं की ती अक्षरं नुसतीच लोंबकळत राहतात. येणारा पाहुणा विचारतो, ही एबीसी कशाला घातली आहे?

छपाईच्या रीतीमुळे हे मोडणं सोपंही झालं. लाकडी ठशाचं चित्र खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, बरोबरीने एकाच दाबाखाली छापता येतं. त्याच्या मागे-पुढे मजकूर असतो आणि ते पुस्तकाच्या अंगातच मुरलेलं असतं. तांब्याच्या पत्र्याचं तसं नाही. त्यात शाई कोरलेल्या खाचांत भरतात, ती कागदावर उतरवायला रुळांचा वेगळा, जबर दाबाचा छापा लागतो. त्यामुळे अशी चित्रं बहुधा वेगळ्या कागदावर छापून मागाहून पुस्तकात घातली जात. पाठ कोरी, कागद जाड, कडेला पत्र्याचा दबलेला चौकोनी ठसा. शिलाई उसवली की पान अलगद हातात येतं, जणू फ्रेमसाठीच केलेलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या छापखान्यांनीही बाहेरून आणलेले ठसे वापरून चित्रं वेगळी छापली आणि पुस्तकात बांधली. ती आज त्याच वाटेने बाहेर पडताहेत.

या व्यवहाराच्या बाजूने बोलणारे असतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला ऑटो एगे नावाचे कलाशिक्षक होते. त्यांनी मध्ययुगीन हस्तलिखितं विकत घेऊन सुटी केली आणि पानं विकली. १९३८ साली त्यांनी लेख लिहून ही गोष्ट उघड मान्य केली. अख्खं हस्तलिखित फक्त धनिकालाच परवडतं, पण एखादं पान शाळेला, छोट्या गावातल्या संग्रहालयाला, साध्या पगारदारालाही घेता येतं, असा त्यांचा मुद्दा होता. मी शिक्षिका होते. एका खऱ्या जुन्या पानाने वर्गातल्या चाळीस पोरांच्या डोळ्यांत काय चमकतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणूनच हा मुद्दा मला बरीच वर्षं छळत राहिला.

पण पुढे काय झालं तेही पाहावं. बोव्हे या फ्रेंच गावच्या मुख्य चर्चमधला एक मिस्साग्रंथ, म्हणजे उपासनाविधीचं पुस्तक, १९४२ साली अमेरिकेत विकला गेला आणि एगे व एका व्यापाऱ्याच्या हातून त्याची पानं पानं झाली. मुळात ३०९ पानं होती. आज अभ्यासक जगभरातून त्यांची छायाचित्रं गोळा करून तो ग्रंथ पडद्यावर पुन्हा जुळवताहेत. शंभरावर पानं सापडली आहेत. बाकीची कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या माळ्यावर असतील. ज्या लहान शाळेला एक पान मिळावं म्हणून ग्रंथ फोडला, तिला आज अख्ख्या ग्रंथाची छायाचित्रं फुकटात दाखवता आली असती. आता ती दाखवता येत नाहीत, कारण अख्खा ग्रंथच उरला नाही. वर्गात दाखवायला अख्खं पुस्तक नेता येतं. मी नेलेलं आहे. पोरांनी हात धुऊन, एकेकाने पान उलटून पाहिलं आहे.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. १५८० साली गोव्याहून पहिले जेझुइट अकबराच्या दरबारी गेले तेव्हा त्यांनी अँटवर्पच्या प्लांतिनने छापलेलं बहुभाषी बायबल नजर केलं. त्यानंतर ख्रिस्ती छापील चित्रं मुघल चित्रशाळेत येतच राहिली. केसूदास, मनोहर अशा चित्रकारांनी ती समोर ठेवून नवी चित्रं केली, आणि जहांगीराच्या गुलशन मुरक्क्यात, म्हणजे निवडक चित्रं बांधून केलेल्या संग्रहात, तर युरोपी छापचित्रं सरळ चिकटवून भोवती सोनेरी हाशिया रंगवलेला आहे. मग जहांगीराने केलं ते कला आणि चोरबाजारवाल्याने केलं ते पाप, असं कसं? यावर मी खूप विचार केला आहे. त्या काळी अँटवर्पची बरीच चित्रं सुटीच विकली जात, सुटी म्हणूनच कोरलेली असत. ती चिकटवण्याने कुठलंही पुस्तक मोडत नव्हतं. आणि मुरक्का हा स्वतःच एक ग्रंथ. त्यात एका पानासमोर दुसरं पान विचार करून बसवलेलं असतं. तिथे चित्राला नवं घर मिळालं. भिंतीवरच्या चित्राला नुसता खिळा मिळतो. हे उत्तर मला स्वतःला पुरतं. कुणाला पुरत नसेल तर त्याने गुलशन मुरक्क्याची पुढे पानोपान कशी पांगापांग झाली तेही वाचावं.

आता आपल्या मराठीकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकलेला आहे.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला तो जेझुइटांकडे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, चाळीस वर्षं तिथे राहिले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने कुठे ना कुठे ऐकलेली असतेच. पैलें पुराण आणि दुसरें पुराण मिळून दहा हजारांवर ओव्या. रोमन लिपीत ते १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज कुठे असल्याचं ज्ञात नाही. एकसुद्धा नाही. आज आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या आधाराने : १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी छापलेलं, १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलेलं, आणि लंडनला मार्सडेनच्या संग्रहात सापडलेल्या देवनागरी पोथीवरून अभ्यासकांनी ताडून पाहिलेलं.

तीन आवृत्त्या अशा कशा नाहीशा होतात? वाळवी, कसर, कोकणातला पाऊस ही कारणं आहेतच. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, त्यानेही या ग्रंथांचं पाठबळ गेलं. पण मला वाटतं, वापर हे त्यांतलं मोठं कारण असावं. पुराण चर्चमध्ये आणि घरात मोठ्याने वाचायचं पुस्तक होतं. अशी पुस्तकं झिजून संपतात. श्रीमंताच्या कपाटातला कातडी बांधणीचा ग्रंथ चारशे वर्षं टिकतो, कारण तो कुणी उघडत नाही. म्हणून आमच्या क्षेत्रातला ‘स्वच्छ प्रत’ हा शब्द मला खटकतो. सूचीत लिहितात : डाग नाहीत, नावं नाहीत, कडा कोऱ्या. भक्तिग्रंथाच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच, की या प्रतीने कुणी प्रार्थना केलेली नाही.

माझ्या आजीचं प्रार्थनेचं पुस्तक काळ्या कापडी बांधणीचं होतं, तळहाताएवढं. पवित्र मातेच्या चित्रावर मेणाचे दोन थेंब पडलेले, आणि त्या थेंबांपाशी कागद तेलकट पारदर्शक होऊन मागची अक्षरं उलटी दिसायची. पानांच्या मध्ये गावातल्या मयत माणसांच्या स्मरणाच्या चिठ्ठ्या, एका बाजूला संताचं चित्र, दुसऱ्या बाजूला नाव आणि तारीख. शेवटच्या कोऱ्या पानावर सात मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा, त्यांतल्या दोन नावांपुढे क्रूस. आजी गेली तेव्हा तिच्या बोटांत जपमाळ गुंडाळली आणि हाताखाली ते पुस्तक ठेवलं. ते तिच्याबरोबर गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते, कुणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी नको म्हटलं नसतं. त्या आवृत्तीची दुसरी प्रत मी आजवर शोधते आहे. ते पुस्तक जपायला हवं होतं का? माझ्या मते नाही. ते ज्या कामासाठी होतं ते त्याने पुरं केलं. झिजून संपणं आणि फोडून विकणं यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

मराठी वाचकांतले काही जण इथे मला वेगळाच प्रश्न विचारतात : हे परक्या सत्तेच्या सावलीत छापलेलं वाङ्मय, ते आम्ही कशाला जपायचं? त्या सत्तेने गोव्यात देवळं पाडली, लोकांचे ग्रंथ हिरावले, हे खरंच आहे. ख्रिस्ती म्हणून मला ते नाकारायचं नाही, आणि झाकायचंही नाही. पण पोर्तुगालात ब्रागा गावच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातल्या गोव्यातल्या रामायण-महाभारताच्या कथा आज रोमन लिपीत लिहिलेल्या सापडतात. स्थानिक लोकांचा धर्म समजून घेऊन त्याचं खंडन करायचं, अशा हेतूने मिशनऱ्यांनी त्या उतरवून घेतल्या होत्या. हेतू काहीही असो, वही अख्खी राहिली म्हणून आपल्या पूर्वजांची बोली आज कानावर पडते. कुणी त्यातलं एखादं ‘सुंदर’ पान काढून विकलं असतं तर?

मुंबईची गोष्ट तर आणखी जवळची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि काही वर्षांतच त्यांनी छापखाना काढला. तिथेच थॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली पंचांग छापलं. पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी पोरवयात याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते. पोथ्या, पंचांगं, संतांच्या गाथा ज्या वळणदार अक्षरांत महाराष्ट्राने शंभर वर्षं वाचल्या, त्यांचं मूळ असं या धर्मपुस्तकांच्या मजकुरात आहे. चित्रांचे ठसे तर पुष्कळदा परदेशातून यायचे. इथल्या कारागिराच्या हाताचं जे काही आहे ते अक्षरांत आहे, जोडाक्षरांच्या जुळणीत आहे, ओळींच्या बसवणीत आहे. म्हणजे दुकानदाराने रद्दीत दिलं ते मुंबईचं होतं, आणि सोनेरी चौकटीत बसवलं ते बाहेरून आलेलं.

मराठी अभ्यासकांनी आद्य छपाईतल्या पुस्तकांना दोलामुद्रितं असा गोड शब्द दिला, पाळण्यातली मुद्रितं. शब्द आहे, आस्था नाही. एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’त जुनी पुस्तकं पडद्यावर आणली, झेव्हियर्सच्या हेरास संस्थेत जुना ख्रिस्ती ठेवा सांभाळला जातो, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे. पण खरा साठा घरांत आणि चर्चच्या कपाटांत आहे : वसईत, उत्तनला, गिरगावात, भायखळ्यात, तिकडे अहमदनगरकडून आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत. त्याची एकत्र यादी नाही. १९७२चा पुरावस्तू कायदा ७५ वर्षांपूर्वीच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना पुरावस्तू मानतो, पण त्याचा भर नोंदणीवर आणि परदेशी नेण्यावर आहे. घरातल्या घरात कात्री चालवणाऱ्याला तो अडवत नाही. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपणच हे करायला हवं. प्रत्येक धर्मग्रामातल्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, दोन-तीन तरुणांनी मोबाइल घेऊन घरोघरी जावं आणि पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो काढावा, कोऱ्या पानांसकट, कारण नावं आणि तारखा तिथेच असतात. पुस्तक घरातच राहू द्यावं. यादी एका ग्रंथालयाने सांभाळावी. आणि ग्रंथालयांनी देणगीतली प्रत ‘फाटकी’ म्हणून परत करू नये.

दुरुस्तीबद्दल एवढंच सांगते, की चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन करू नका. चिंध्यांच्या लगद्याचा सोळाव्या शतकातला कागद आजही लवचीक असतो, पण लाकडाच्या लगद्यापासून केलेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद नुसता दुमडला तरी मोडतो. आपली बहुतेक मराठी पुस्तकं या दुसऱ्या प्रकारात येतात, म्हणून घाई आहे.

त्या दिवशी दुकानदाराला मी रद्दीवाल्याचा पत्ता विचारला. त्याने पोराला माझ्याबरोबर धाडलं. गठ्ठा अजून गेला नव्हता. सुतळीने बांधलेल्या इंग्रजी हिशेबवह्यांच्या खाली मजकुराची पानं सापडली, वजनावर मिळाली. शीर्षकपान नाही, शेवटची काही पानं नाहीत. बायबलातल्या कथा, प्रत्येक कथेनंतर घरच्यांनी मिळून म्हणायची एक प्रार्थना. उरलेली चार चित्रंही मी घेतली, माझा नियम मोडून, आणि घरी आणून पानं लावायला बसले. ती कुठे बसतात ते शोधावं लागलं नाही. वर्षानुवर्षं पुस्तक मिटलेलं राहिलं की चित्राची शाई समोरच्या पानावर आपली सावली उमटवते. अकरा पानांवर फिकट तपकिरी, उलट्या आकृती होत्या. झोपलेल्या येशूच्या तारवाचं शीड समोरच्या प्रार्थनेच्या ओळींवरून आडवं गेलं होतं, आणि चित्र त्यावर ठेवलं तसं ते रेषेला रेष जुळलं.

सात सावल्यांची चित्रं अजून बाहेर आहेत. एकीत विहिरीपाशी बसलेली बाई दिसते, एकीत गाढवावरून उतरवलेला जखमी माणूस, एकीत देवळाच्या पायऱ्या आणि कबुतरांचे पिंजरे. बाकीच्या चार मला अजून ओळखता आलेल्या नाहीत. मुंबईत कुणाच्या भिंतीवर अशा जुन्या चित्राखाली बाळबोध ओळ असेल आणि डाव्या कडेला चार भोकं असतील, तर चौकट उघडून त्याचा एक फोटो मला हवा आहे. चित्र परत मागणार नाही. तो फोटो मी छापून त्या सावलीसमोर ठेवीन, म्हणजे प्रार्थना वाचताना समोर काय होतं ते कळेल.